पकडणं सोपं, सोडवणं महाग

धुरातला कार्बन डायऑक्साइड अमाइनच्या द्रावणात पकडायची युक्ती १९३० च्या पेटंटइतकी जुनी. अडचण पुढे आहे. सुमारे ४० अंशांना शोषलेला वायू सुटा करायला द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. वीजकेंद्रात त्यासाठी लागणारी वाफ विजेतूनच वजा होते.

पुण्याला हा विषय परका नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक एल. के. दोराईस्वामी आणि मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी) मनमोहन शर्मा यांचा वायू-द्रवासारख्या विषमांगी अभिक्रियांवरचा द्विखंडी ग्रंथ १९८४ चा. शर्मा तर केंब्रिजमध्ये डँकवर्ट्‌स यांच्याकडे हेच शोषण शिकलेले. म्हणून नव्या द्रावणाचा विक्रेता ‘नव्वद टक्के पकडतो’ म्हणाला, की पुणेकराने (खोचकपणे का होईना) विचारावं : टनामागे वाफ किती?