टपरीवरचं कुत्रं कुणाच्या नावावर?

वेल्समध्ये ॲबरगॅवेनी नावाचं एक बाजारगाव आहे. कार्डिफहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचतो. २०२३ साली ऑनसाईटला होतो, तेव्हा एका शनिवारी टीममधल्या दोघांबरोबर तिथे गेलो. मधोमध मार्केट हॉल, चहूकडे डोंगर आणि अर्थातच पाऊस. भिजत भिजत एका जुन्या पबात शिरलो. बुटकं छत, काळ्या पडलेल्या तुळया, कोपऱ्यात शेकोटी आणि शेकोटीसमोर चिखलाने माखलेलं एक कुत्रं चारी पाय पसरून झोपलेलं. कुणी त्याला हाड म्हणेना. उलट काउंटरवर कुत्र्यांसाठी बिस्किटांची बरणी होती आणि दाराशी पाण्याचं भांडं.

मित्र म्हणाला, "बघ, किती सिव्हिलाइज्ड लोक आहेत!" मला मात्र आमच्या एसटी स्टँडसमोरची टपरी आठवली.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. (नाव मुद्दाम देत नाही, टपरीवाल्या काकांना उगाच त्रास नको.) पुण्याहून ट्रॅव्हल्सने सकाळी सहाला उतरलो की घरी जायच्या आधी पहिला चहा तिथेच. कापसाचा सीझन असला की भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे, आठवडी बाजार असला की खेड्यांतून आलेली माणसं, आणि या सगळ्यांच्या पायात मोत्या. मोत्या कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. भट्टीच्या उबेला झोपतो, आलुबोंड्याचा तुकडा आणि माझ्याकडून अर्धा पारले-जीचा पुडा खातो. भिंतीवर दत्ताचा फोटो, त्यात चार कुत्री. पैनगंगेपलीकडे माहूर, त्यामुळे आमच्याकडे हा फोटो घरोघरी. म्हणजे टपरीवर एकूण पाच, असा आमचा जुना विनोद.

तेव्हा मला अभिमान वाटला होता. 'पेट फ्रेंडली' पाटी न लावताच आमची टपरी पेट फ्रेंडली आहे म्हणून. पुण्यातल्या कॅफेत गोल्डन रिट्रीव्हरला खुर्ची मिळते आणि दाराबाहेरच्या गावठी कुत्र्याला वॉचमनची काठी. त्यापेक्षा आमचे काका कितीतरी मोठ्या मनाचे! हे मी बऱ्याच जणांना ऐकवलंही आहे.

२०२५ च्या दिवाळीत हा अभिमान उतरला.

मोत्या एका आठ वर्षांच्या पोराला चावला. पोटरीला, रक्त येईपर्यंत. मी तिथेच होतो. टपरीवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे मारून टाका. दुसरी म्हणे पोरानेच छेडलं असेल. सांगायला लाज वाटते, पण दुसरी पार्टी मीच होतो. काका म्हणाले, "मी काय करू भाऊ? आपलं थोडीच हाय ते. इथं रायते, एवढंच."

मग पोराच्या बापाने शांतपणे विचारलं, "याले सुई देल्ली होती का कोणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मोत्याचे फोटो स्टेटसला टाकणारा मीच. माझ्या फोनमध्ये त्याचे शंभरेक फोटो निघाले असते. लसीचं कार्ड एकही नव्हतं. चारपाच वर्षं खायला घातलं, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते. तिथे कुणीतरी हळद लावायला निघालं होतं. जखमेत द्यायचं सीरम गावात मिळालं नाही, म्हणून पोराला यवतमाळला न्यावं लागलं. पुढे लसीच्या तारखा. मजुरी बुडवून त्या पाळायच्या होत्या बापाला. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नशिबाने मोत्या ठणठणीत निघाला. काकांनी त्याला दहा दिवस बांधून ठेवलं होतं. ते दहा दिवस पुण्यात बसून मी रोज फोन करत होतो.

त्या काळात ॲबरगॅवेनीचं कुत्रं मला नव्याने दिसायला लागलं. ते नुसत्या प्रेमामुळे तिथे झोपलेलं नव्हतं. ब्रिटनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुत्र्यांना सक्तीने मुसकी बांधली, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना पुढे कित्येक वर्षं सहा सहा महिने क्वारंटाईनमध्ये ठेवलं आणि १९२२ मध्ये कुत्र्यांमधला रेबीज संपवला. वेल्समध्ये एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची आहे. म्हणजे त्या चिखलातल्या कुत्र्याच्या कातडीखाली एक नंबर होता आणि त्या नंबरापुढे एका माणसाचं नाव. बिस्किटांची बरणी नंतर आली. आधी नाव आलं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळेल. बग सगळ्यांना दिसतोय, सगळे त्यावर बोलतायत, पण तिकिटावर 'ओनर'चा रकाना रिकामा. असा बग कधी सुटलाय का?

आपल्याकडचा वादही तसाच. एक पार्टी 'हाकला', दुसरी 'खायला घाला', आणि रकाना दोघांचाही रिकामा. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडा, आणि खायला घालायचं तर ठरवलेल्या जागीच. ७ नोव्हेंबरला सांगितलं की शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला आणि परत तिथे सोडू नका. स्टँडबद्दल मला हे पटतं. पोराबाळांच्या गर्दीत, सामानाच्या ढिगात कुत्रं नको. पण आमची टपरी स्टँडच्या समोर, रस्त्यापलीकडे. कुत्र्याला कंपाउंड कुठे कळतं?

तुम्ही म्हणाल, नसबंदी आणि लस हे स्थानिक संस्थेचं काम आहे. आहेच. २०२३ चे नियम तसंच सांगतात, आणि त्यांचा पाठपुरावा करायलाच हवा. पण त्याच नियमांमध्ये या कुत्र्यांना 'समुदायातले प्राणी' असा शब्द आहे. समुदाय म्हणजे कोण? सकाळी सहाला त्याच्यापुढे बिस्किट टाकणारे आपणच ना? एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं मानतात. आमच्या टपरीभोवती कुत्री चार. चौघांनी एकेक नावावर घेतलं तर हिशोब तिथल्या तिथे संपतो. लसीचा खर्च मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नएवढाही नाही.

माझं मत सरळ आहे. ज्या कुत्र्याची लस तुम्ही केली नाही, त्याला रोज खायला घालायचा तुम्हाला अधिकार नाही. तुम्ही त्याला माणसांच्या गर्दीत बसायची सवय लावताय आणि धोका दुसऱ्याच्या पोराच्या पोटरीवर टाकताय. ही भूतदया नाही, उधारी आहे.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा डॉक्टरांना टपरीवर घेऊन आलो. मोत्याला धरताना माझा शर्ट फाटला, काका पोट धरून हसले. नसबंदीची सोय अजून सापडलेली नाही, शोधतोय. पण काकांच्या उधारीच्या वहीचं शेवटचं पान आता कुत्र्यांचं आहे. मोत्या, लसीची तारीख, पुढची तारीख, आणि पुढे माझं नाव. बाकी तिघांपैकी एक काकांनी आपल्या नावावर घेतलं, एक समोरच्या पानठेलेवाल्याने. चौथ्यापुढची जागा रिकामी आहे.

तो पोरगा बापाबरोबर परवा बाजाराला आला होता म्हणे. मोत्यापासून चार हात लांब उभा राहिला. बरोबरच आहे त्याचं. असो. सोमवारी रिलीज आहे, झोपतो.