पाना हातात घेण्याआधी

श्रीनगरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ कन्याकुमारीला जाताना आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडून जातो. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. दुसरा रस्ता वर्ध्याकडून येतो आणि कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड करत नांदेडकडे उतरतो. दिवाळी झाली की या दोन्ही रस्त्यांवर लांबलांबचे नंबर दिसू लागतात. त्यांत नव्या गाड्या पुष्कळ असतात, पण बिडाच्या इंजिनाची बुलेट, येझदी रोडकिंग, कार्बोरेटरवाली करिझ्मा, पहिल्या पिढीची थंडरबर्ड अशा जुन्या गाड्याही असतात. त्यांतली एखादी आपल्या हद्दीत बंद पडते आणि आपल्यापैकी कुणीतरी थांबतो. थांबावं की पुढे जावं हा प्रश्न आपल्याकडे अजून कुणाला पडत नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे.

या महिन्यात बोलायचं आहे ते थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल. कारण जुन्या गाडीचं बरंच नुकसान याच पाच मिनिटांत होतं, आणि ते करणारे सगळे चांगल्या मनाचे असतात.

गेल्या उन्हाळ्यात करंजीच्या पुढे एक बुलेट ३५० बाभळीखाली उभी दिसली. चालवणारा कोइमतूरचा पोरगा. भोवती तिघं जमले होते, आणि गमछ्यावर कार्बोरेटरचा फ्लोट, जेट, पिना असं सगळं मांडून ठेवलेलं होतं. तेवढ्यात पांढरकवड्याचे एक वयस्कर मिस्त्री आपल्या गाडीवरून उतरले. गाडीला हात न लावता त्यांनी विचारलं, "काय झालं जी भाऊ? मरताना कशी मेली?" कुणाला कळेना. मग त्यांनी हिंदीत फोड करून सांगितलं: खोकत, आचके देत बंद पडली, की दिवा विझावा तशी एका झटक्यात? एका झटक्यात, तो म्हणाला. थंड झाली की परत सुरू होते? होते, अर्धा तास चालते, मग पुन्हा तेच.

मिस्त्रींनी कार्बोरेटर जसा होता तसा जोडायला सांगितला. पॉइंटचं झाकण काढलं, वरून गमछा धरून सावली केली आणि त्या पोराला किक मारायला लावली. पॉइंटच्या दोन टोकांमध्ये जाड, पिवळसर ठिणगी फटाफट उडत होती. "हे पाय. कंडेन्सर गेला." चांगला कंडेन्सर असला की पॉइंटवर ठिणगी जेमतेम दिसते आणि सगळा जोर प्लगवर पोचतो. तो तापून निकामी झाला की ठिणगी पॉइंटवरच जळते, पॉइंट खाल्ले जातात आणि प्लग कोरडा राहतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, खाली डांबर तापलेलं, वर इंजिनाची धग, त्यामुळे हा आजार आपल्याकडे उन्हाळ्यातच बोकाळतो.

नवा कंडेन्सर त्यांच्या पिशवीत होता. पण बसवला तो त्यांनी नाही. पेचकस त्या पोराच्या हातात दिला, पॉइंट घासून साफ करायला लावले, फट फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान बसते का ते त्यालाच पाहायला सांगितलं. वीस मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. निघताना पोरगा विचारू लागला, पुढे असंच झालं तर? मिस्त्री म्हणाले, आता तुले माहीत आहे ना.

मला हे मदतीचं सगळ्यात पक्कं रूप वाटतं. हात गाडीवाल्याचे असावेत, डोळे आपले. आपण गाडी सुरू करून देऊन निघून गेलो तर त्याला फक्त पुढच्या ढाब्यापर्यंत पोचवलं. त्याला बिघाड ओळखता आला तर तो घरी पोचतो.

म्हणून माझा आग्रह आहे की रस्त्यावर थांबणाऱ्या प्रत्येकाने पाना काढण्याआधी हेच विचारावं: मरताना कशी मेली. झटक्यात बंद पडली तर करंटकडे पाहायचं. ओढ कमी होत, आचके देत गेली तर पेट्रोलकडे. पेट्रोलचा संशय असेल तर आधी टाकीचं झाकण उघडून पाहायचं. आत हवा ओढली जाण्याचा सुस्कारा ऐकू आला आणि मग गाडी चालली, तर झाकणाचं भोक बुजलेलं आहे. लांबच्या प्रवासात टाकीवर बॅग बांधतात, तीच कित्येकदा त्या भोकावर बसते. करंट तपासायचा तो गाडी गरम असतानाच, कारण थंड झाल्यावर कंडेन्सर आणि कॉइल दोन्ही साळसूद होतात आणि दोष दिसत नाही. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. त्याचे पितळी जेट रस्त्याच्या कडेला धुळीत उघडण्याची गरज क्वचितच असते, आणि उघडल्यावर एखादी पिन गवतात गेली की गाडी खरोखरच टेम्पोत घालावी लागते.

हे सगळं आपल्यातल्या जाणत्यांना पाठ आहे. काळजी वाटते ती पुढची. बुलेट मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला १९५६ पासून बनू लागली. ३५० चं ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं ते बिडाचं इंजिन २०१० च्या सुमारास थांबलं. येझदी बनवणारा म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. आरएक्स १०० त्याच वर्षी संपली. म्हणजे या गाड्यांवर ज्यांचे हात घडले ते मिस्त्री आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. आयटीआयमधून आलेली पोरं हुशार आहेत, स्कॅनर लावून इंजेक्शनच्या गाडीचा दोष पटकन सांगतात. पॉइंटची गाडी त्यांच्यासमोर कधी आलीच नाही, तर त्यांनी ती शिकावी कशी?

आणि या गाड्यांचं शहाणपण फार बारीक गोष्टींत असतं. जुन्या बुलेटच्या टायमिंग बाजूला ऑइल पंप फिरवणारा जो वर्म नट आहे, त्याला उलटे आटे आहेत. ज्याला हे माहीत नाही तो नेहमीच्या दिशेने जोर लावतो, नट हलत नाही, मग पाइप लावून आणखी जोर, आणि शेवटी आटे सोलतात किंवा शाफ्टचं टोक तुटतं. एका वाक्याची माहिती, आणि ती नसल्यामुळे अख्खं इंजिन खाली उतरतं. टॅपेटचंही तसंच. इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. हे हाताला कळण्यासाठी कुणीतरी एकदा आपला हात धरून दाखवावं लागतं. इंजिन गरम असताना टॅपेट बसवून दिलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

इंग्लंडच्या व्हिन्सेंट कंपनीने १९५५ मध्ये मोटारसायकली बनवणं थांबवलं. त्या गाड्या आजही धावतात, कारण १९४८ मध्येच मालकांनी आपला क्लब काढला होता आणि पुढे त्याच क्लबच्या लोकांनी सुट्या भागांसाठी स्वतःची कंपनी उभी केली. जुनी मापं, जुने नकाशे जपले, भाग नव्याने करून घेतले. आपल्याला कंपनी काढायची गरज नाही. बुलेटचा बहुतेक माल दिल्लीच्या करोलबागेतून आजही मागवता येतो, येझदीचेही पिस्टन-रिंग, क्लच प्लेटा, रबरं नव्याने बनून येतात. भाग मिळतो. तो कसा बसतो, कोणता माल बरा आणि कोणता महिन्याभरात झिजतो, हे सांगणारा मिळेनासा झाला आहे.

आपल्या मातीचंही थोडं सांगतो. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढली की चिखल मडगार्डमध्ये दाबून बसतो आणि चाक जाम होतं, ते सगळ्यांना दिसतं. पण तीच माती इंजिनाच्या फिन्समध्ये वाळून बसते आणि हवेवर थंड होणारं इंजिन आतल्या आत तापतं, ते कुणी पाहत नाही. वणीकडे कोळशाच्या ट्रकांमागून रोज येणाऱ्यांनी तर आठवड्याला एअर फिल्टर पाहावा. बाहेरचा प्रवासी अशा रस्त्यावरून आला असेल तर त्याला एक बादली पाणी आणि बांबूची काडी द्या. फक्त इंजिन आधी थंड होऊ द्या, तापलेल्या बिडावर गार पाणी नको.

आता पेट्रोल, कारण या वर्षी सगळ्यात जास्त पत्रं त्याचीच आहेत. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ते सोसतील असे केलेले आहेत. आपल्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अंदाज दिला होता की शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के उतरेल. मायलेजचं मला फार वाटत नाही. त्रास तीन ठिकाणी आहे. एक, जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरमधली रबरं फुगतात, मऊ पडतात आणि त्यांचा चुरा जेटमध्ये जातो. ती बदलून इथेनॉल सोसणारी घाला, खर्च फार नाही. दुसरं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. अर्ध्या टाकीने गाडी पावसाळाभर उभी ठेवली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं, गंज धरतो. संशय आला तर कॉकमधून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसतो. महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्या आणि मग बंद करा.

तिसरी गोष्ट टू-स्ट्रोकवाल्यांनी नीट ऐकावी. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आधीपेक्षा पातळ होतं. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, आणि येझदी किंवा आरएक्स उन्हात लांबवर पूर्ण ॲक्सिलेटरवर पळवली तर पिस्टन धरतो. लगेच जेट बदलायला धावू नका. पंधरा-वीस किलोमीटर एका लयीत चालवून प्लग काढा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घाला आणि पुन्हा पाहा. प्लग बोलतो ते कुणाच्या सांगण्यापेक्षा खरं. आणि इंजिनाचा आवाज कोरडा, ओढ अचानक कमी वाटली की क्षणात क्लच दाबा. मागचं चाक जाम होऊन पडणं पिस्टन जाण्यापेक्षा वाईट.

कागदांबद्दल थोडक्यात. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरण आणि त्यासोबत पर्यावरण कर, हे आपल्या एमएच-२९ च्या सगळ्या जुन्या गाड्यांना लागू आहे. इंजिनाचा क्रँककेस बदलला असेल तर नव्या नंबराची नोंद आरसी बुकात करून घ्या, तपासणीला नंबर जुळला नाही की काम अडतं.

एक विषय नाजूक आहे, पण टाळत नाही. आपल्यापैकी काही जण हौसेने मित्रांच्या गाड्या फुकट दुरुस्त करतात आणि काही जणांचं पोट गॅरेजवर आहे. हौशी माणसाने मिस्त्रीला फोन करून अर्धा तास सल्ला घ्यायचा, त्यावर गाडी नीट करायची आणि नाव स्वतःचं करायचं, हे बरं नाही. सल्ल्याचे पैसे द्या. मिस्त्री घेत नसतील तर त्यांच्याकडून माल घ्या, पुढचं मोठं काम त्यांच्याकडे पाठवा. त्यांचं गॅरेज चाललं तरच त्यांच्या हाताखाली एखादा पोरगा टिकेल.

आणि मदतीला हद्द असावी. ब्रेकचा लायनर, हँडलचा कोन, चाकाचे स्पोक, मास्टर लिंकची क्लिप: यांवर तारेचा किंवा चिकटपट्टीचा जुगाड करून कुणालाही रस्त्यावर सोडू नका, तो कितीही घाईत असला तरी. त्याची गाडी टेम्पोत घाला. दिवस मावळला असेल आणि टिपेश्वरच्या जंगलालगत असाल, तर साधा पंक्चरसुद्धा तिथे काढत बसू नका. तो वाघांचा भाग आहे. गाडी पांढरकवड्यापर्यंत न्या, मग पेटी उघडा.

पुढच्या अंकापासून चार पानं आपण जाणत्यांचं हे शहाणपण नोंदवण्यासाठी ठेवतो आहोत. त्यात लेख नकोत, नोंदी हव्यात. कोणती गाडी, कोणत्या साली बनलेली, कुठे आणि किती तापमानात बंद पडली, मरताना कशी मेली, आधी कशावर संशय गेला, शेवटी काय निघालं, कोणता भाग घातला. जे मिस्त्री लिहीत नाहीत त्यांच्याकडे वाचकांनी जाऊन बसावं, त्यांच्या तोंडचे शब्द तसेच्या तसे उतरवावेत, चहा आपल्याकडून. वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीतच छापू. सोबत बिघडलेल्या भागाचा फोटो जवळून काढलेला असावा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे माप कळेल. जुगाड केला असेल तर तो लपवू नका, फक्त तो किती किलोमीटर टिकला ते लिहा.