मिठाला पर्याय इंटरनेटवर शोधताय? आधी हे वाचा

ऑगस्ट २०२५ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ६० वर्षांच्या गृहस्थांची केस प्रसिद्ध झाली. आहारातून क्लोराइड काढण्यासाठी त्यांनी चॅटजीपीटीला विचारले आणि तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्ले. ब्रोमाइडची विषबाधा होऊन त्यांना भास होऊ लागले. तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले.

आपल्याकडेही बीपीसाठी ‘कमी सोडियमचे मीठ’ शोधून आणले जाते. त्यात बहुधा पोटॅशियम असते. किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू असेल, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुमचे रिपोर्ट आणि गोळ्या इंटरनेटला ठाऊक नसतात. माहिती जरूर शोधा. पण मीठ बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.