कागदावरची रेषा चुकली की भुर्दंड कारागिराला

फर्निचर, फॅब्रिकेशन, ग्रॅनाइट, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, यांपैकी कोणताही धंदा घ्या. आज काम नकाशावरून चालते आणि बहुतेक नकाशे संगणकावर काढलेले असतात. पूर्वी ड्राफ्ट्समन ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने रेषा ओढत असे. त्याने जाड ओढली तर जाड, तुटक ओढली तर तुटक, जशी ओढली तशी ती कारखान्यात पोहोचत असे. संगणकात मात्र पडद्यावर दिसणारी रेषा आणि कागदावर उमटणारी रेषा एकच असेल याची खात्री नसते. ही गोष्ट आपल्या कारागीर बंधूंनी आणि कॅड शिकणाऱ्या तरुणांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण चुकलेल्या रेषेची किंमत बहुधा माल कापणाराच मोजतो.

एक साधे उदाहरण घेऊ. स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइटच्या खालून सिंक बसवायचे आहे. दगडात कापायचे भोक अखंड रेषेने दाखवतात आणि दगडाखाली लपणारा सिंकचा काठ तुटक रेषेने. काठाची रेषा अर्थातच भोकापेक्षा मोठी असते. आता प्रिंटवर दोन्ही रेषा अखंड उमटल्या तर? कापणाऱ्याने बाहेरची रेषा धरली की सिंक भोकातून खाली जाते आणि फरशी वाया. ग्रॅनाइट पुन्हा सांधता येत नाही.

तुटक रेषा अखंड कशी होते, त्याचा हिशोब सोपा आहे. ऑटोकॅडच्या मिलिमीटरच्या फाइलमध्ये ‘हिडन’ नावाच्या रेषेचा तुकडा ६.३५ मिमी आणि मधली फट सुमारे ३.१८ मिमी असते. नकाशा मूळ मापात काढून १:२० प्रमाणात छापला आणि रेषेचे स्केल तसेच ठेवले, तर कागदावर तुकडा ०.३२ मिमी आणि फट ०.१६ मिमी उरते. रेषेची जाडी ०.२५ मिमी असेल तर ती फट शाईतच बुजते. यावर पुष्कळ जण ‘एलटीस्केल’ २० करतात. मग १:२० चा नकाशा ठीक दिसतो, पण त्याच शीटवरच्या १:५ च्या तपशिलात एकेक तुकडा २५.४ मिमी लांब होतो आणि लहान कडा पुन्हा अखंड दिसतात.

यावरचा उपाय जुनाच आहे. ‘पीएसएलटीस्केल’ १ ठेवायचे, ‘एलटीस्केल’ही १ किंवा बारीक तुकडे हवे असतील तर ०.५ ठेवायचे आणि ‘रीजेनऑल’ द्यायचे. मग व्ह्यूपोर्ट, म्हणजे ले-आउटच्या कागदावरची ती खिडकी, १:२० ची असो वा १:५ ची, तुकड्यांची लांबी सर्वत्र सारखी येते.

लेयरची गोष्टही अशीच आहे. लेयरच्या यादीत बल्ब, सूर्य आणि प्रिंटर अशी छोटी चित्रे असतात. बल्ब विझवला किंवा लेयर सरसकट फ्रीझ केला तर तो सगळ्या शीटवरून जातो. सुताराच्या शीटवर वायरिंग नको म्हणून लेयर असा बंद केला, तर इलेक्ट्रिशियनची शीटही कोरी होते. त्यासाठी ‘व्हीपी फ्रीझ’ आहे. त्याने लेयर फक्त त्या एका खिडकीत लपतो. प्रिंटरचे चित्र बंद असेल तर लेयर पडद्यावर दिसतो, पण छापला जात नाही. ‘डेफपॉइंट्स’ नावाचा लेयर तर कधीच छापला जात नाही. नवशिक्याने चुकून त्याच्यावर मापे लिहिली तर ती पडद्यावर दिसतात आणि कागदावरून गायब होतात.

या सोयी काही नव्या नाहीत. ऑटोकॅडमध्ये पेपर स्पेस १९९० साली आली. ले-आउटचे टॅब आणि रेषेची जाडी १९९९ साली निघालेल्या २००० आवृत्तीत आली. एकाच लेयरला प्रत्येक खिडकीत वेगळा रंग व रेषा देण्याची सोय २००७ मध्ये निघालेल्या २००८ आवृत्तीत मिळाली. तरीही पुष्कळ विद्यार्थी रेषा ओढण्यात तरबेज होतात आणि शीट लावण्यात कच्चे राहतात. क्लासची फी भरताना पालकांनी हे विचारावे, की माझ्या मुलाला पडद्यावर चित्र काढायला शिकवणार, की कारखान्यात चालेल अशी शीट छापायला?

काही अनुभवी मिस्त्री म्हणतात, “आमची हयात या धंद्यात गेली, रेषा आम्हाला कळते.” ते खरे आहे. उमटलेली रेषा संशयास्पद असेल तर त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण जो लेयर छापलाच गेला नाही, तो कोणत्या नजरेला दिसणार?

म्हणून कारखानदारांनी आता काही नियम पाळावेत. शीटवर रेषांची खूण-सूची आणि प्रमाण लिहिलेले नसेल तर माल कापू नये. कोणती रेषा कापायची आणि कोणती लपलेली, यात शंका आली तर लेखी खुलासा घ्यावा. छपाईसाठी डीडब्ल्यूजी फाइल न मागता ड्राफ्ट्समनने स्वतः तपासलेली पीडीएफ मागावी, कारण प्लॉट स्टाइलची फाइल सोबत नसली तर दुसऱ्या संगणकावर रेषांची जाडी बदलू शकते. ती पीडीएफही शंभर टक्के आकारात छापावी. ए-३ ची शीट ए-४ वर दाबून बसवली की प्रमाण बिघडलेच.

आणि ड्राफ्ट्समन बंधूंनी शीट देण्यापूर्वी एक प्रिंट स्वतः काढून हातात धरावी. पाच मिनिटांच्या या कामाने दुसऱ्याची दिवसाची मजुरी वाचते, आणि आपल्या नावावरचा विश्वासही टिकतो.