घराजवळची डच शाळाच निवडा

पुण्याहून नेदरलँड्समधल्या आमस्टेलव्हेनला किंवा आइंडहोव्हनला बदली झाली, की बहुतेक मराठी आईवडील इंटरनॅशनल शाळा शोधू लागतात. डच शाळेवर त्यांचे आक्षेप तीन.

पहिला भाषेचा. तीन वर्षांनी परतायचे, तर डच कशाला? पण तीनाची दहा वर्षे कधी होतात, हे निघताना कुणालाच ठाऊक नसते. तिथे मूल ४ वर्षांचे झाले की शाळेत जाते आणि रीतसर वाचन साधारण सहाव्या वर्षी, तिसऱ्या गटात सुरू होते. तोवर भाषा खेळातून येते. मोठ्या वयात आलेल्यांसाठी वेगळे भाषावर्ग असतात.

दुसरा आक्षेप, गृहपाठ नाही म्हणजे अभ्यास नाही. हे खरे नाही. प्रत्येक मुलाची प्रगती शाळेला वेळोवेळी चाचण्या घेऊन नोंदवावीच लागते. दप्तराचे वजन हा शिक्षणाचा पुरावा नव्हे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. साधारण १२व्या वर्षी मुलांची व्हीएमबीओ (व्यवसायाभिमुख), हावो (मधली) आणि व्हीडब्ल्यूओ (विद्यापीठाकडे नेणारी) अशा वाटांवर विभागणी होते. डच कच्चे असलेल्या हुशार मुलाला खालची वाट सुचवली जाण्याचा धोका खराच. पण वाट कायमची बंद होत नाही. प्राथमिक शाळेतल्या शेवटच्या चाचणीचा निकाल शिक्षकांच्या शिफारशीपेक्षा वरचा आला, तर शाळेला ती वाढवावी लागते. मुलाच्या हिताचे ठोस कारण असेल तरच अपवाद. पुढेही व्हीएमबीओच्या वरच्या शाखेतून हावो आणि हावोतून व्हीडब्ल्यूओ गाठता येते.

आता डच शाळेची बाजू. १९१७पासून तिथे सार्वजनिक आणि धार्मिक शाळांना राज्यघटनेनुसार सारखेच सरकारी अनुदान मिळते. त्यामुळे या शाळांत शिक्षण शुल्क नाही. पालकांची वर्गणी ऐच्छिक असते आणि ती भरली नाही म्हणून मुलाला सहलीतून वगळता येत नाही. इंटरनॅशनल शाळेची फी मात्र वर्षाला हजारो युरो असते. ती कंपनी भरत असेल, तर नोकरी बदलताच शाळाही डळमळते. सर्वांत मोठा लाभ सोबत्यांचा: वर्गातली मुले त्याच गल्लीत राहतात, संध्याकाळी त्याच मैदानावर भेटतात. मराठी जपायची जबाबदारी घराची. कोणत्याही शाळेत घातले तरी ती टळत नाही.

मूल १४-१५ वर्षांचे आणि मुक्काम वर्ष-दोन वर्षांचाच असेल, तर इंटरनॅशनल शाळा जरूर घ्या. पण मूल लहान आणि मुक्काम अनिश्चित असेल, तर आधी घराजवळच्या डच शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि तिथेच नाव घाला.