गळाला काय लावाल?

फाल्गुन सरत आला की कुंभकोणमची कावेरी ओळखू येत नाही. १९३४ साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणातून शेतीसाठी पाणी सोडायचे ते रिवाजाने १२ जूनला, आणि बंद करायचे २८ जानेवारीला. त्यानंतर बहुतेक वर्षी पात्रात उरते वाळू आणि मधूनमधून साचलेले डोह. एकेकाळी व्यंकोजीराजांच्या तंजावर राज्यात असलेल्या या गावी वसंतातली गळाची मासेमारी चालते ती या डोहांवर, सकाळी उन्हे तापण्यापूर्वी किंवा संध्याकाळी.

आमिष ठरते माशाच्या सवयीवरून. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. रोहू आणि मृगळासाठी कणीक व कोंडा मळून केलेली गोळी चांगली. ती घट्ट मळावी, नाहीतर मासा येण्याआधीच पाण्यात विरघळून जाते. आपल्याकडची चिलापी तमिळ लोकांची 'जिलेबी'! मूळची आफ्रिकेतली ही मासळी १९५२ साली भारतात आली. तिला गांडूळ आवडते. गळाचे टोक झाकेल असे ते ओवावे आणि शेपूट वळवळती सोडावी.

खरा मान मात्र मरळीचा. तमिळमध्ये तिला 'विराल' म्हणतात. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून आटत्या डोहातही तग धरते. तिच्यासाठी जिवंत बेडूक लावण्याची पद्धत जुनी आहे. पण बेडूक भातावरची कीड खातो आणि कुंभकोणमच्या चोहीकडे भातशेतीच आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली तीही बेडकांचा असा संहार थांबावा म्हणून. त्यापेक्षा रबरी बेडूक बरा. तो पाणवनस्पतींवरून हलके झटके देत ओढावा, मध्येच थांबवावा. पुष्कळदा मरळ झडप घालते ती त्या थांबण्यावरच.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका दिसला तर खाली आईबाप राखण करीत असतात. जवळ येईल त्यावर ते धावून जातात, म्हणून गळाला सहज लागतात. पण ते गेले की पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात. एका जेवणाच्या मोबदल्यात अख्खी वीण जाते. अशा वेळी गळ गुंडाळून दुसरा डोह गाठावा. जूनमध्ये कावेरीला पाणी येईल, तेव्हा त्या पाण्यात मासेही असायला हवेत ना!