समुद्रकांठची स्वस्त क्षमा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत रत्नागिरी जिल्ह्यांतील एका बंदराच्या गांवीं आप्तांकडे माझा पंधरा दिवस मुक्काम होता. माझी एक भाची तेथेंच राहते. तिच्या टेबलावर अलीकडच्या इंग्रजी कादंबऱ्यांची चळत होती, तींतील चार मीं वाचून काढल्या. चारींची कथा एकच होती, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. मोठ्या शहराला विटलेली नायिका मावशीच्या मृत्यूमुळें समुद्रकांठच्या लहानशा गांवीं परत येते. वारशानें तिला एखादें मोडकळीस आलेलें पाव-केकचें दुकान मिळतें. दहा वर्षांपूर्वीं ज्याच्याशीं बिनसलें तो पुरुष नेमका त्याच गांवीं होड्या दुरुस्त करीत असतो. तीनशें पानें दोघें एकमेकांकडे चोरून पाहतात, आणि शेवटीं दीपगृहाच्या पायथ्याशीं समेट होतो. ह्या प्रकाराला त्याच्या बाजारांत 'सेकंड चान्स' आणि 'स्लो बर्न' अशीं नांवें आहेत, व मालाच्या पुडक्यावर वजन छापावें त्याप्रमाणें तीं आतां जाहिरातींत छापतात.

मीं भाचीला विचारलें, "तुला ह्यांत आवडतें तरी काय?" ती म्हणाली, "मामा, ह्यांतल्या गांवांत लोक काय म्हणतील हें कोणी विचारीतच नाहीं."

तिच्या अनुमतीनें येथें सांगतों, कीं चार वर्षांपूर्वीं तिचा घटस्फोट झाला आहे. एके काळीं तिच्याबरोबर शिकलेल्या एका गृहस्थांनीं अलीकडे तिला लग्नाविषयीं विचारलें आहे, आणि तिचें उत्तर अजून व्हावयाचें आहे. तेव्हां तिच्या त्या एका वाक्यांत ह्या सबंध वाङ्मयप्रकाराची लोकप्रियता आणि त्याचा खोटेपणा हीं दोन्ही मला एकदम दिसलीं. त्या खोटेपणाविरुद्ध हा लेख आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. असल्या पुस्तकांचें नांव काढतांच आमचे विद्वान् मित्र नाक मुरडतात. दोन माणसांनीं एकमेकांवर पुन्हां प्रेम करावें कीं न करावें, हा त्यांच्या मतें गंभीर साहित्याचा विषयच नव्हे. ह्या मित्रांच्या पंगतीला मी बसूं इच्छीत नाहीं. मोडलेला डाव पुन्हां मांडणें हा विषय क्षुल्लक असेल, तर शाकुंतलाचें काय करावयाचें? महाभारतांतील मूळ कथेंत दुर्वासाच्या शापाची भर घालून कालिदासानें राजाला दोषांतून पुष्कळसा मोकळा केला हें खरें. पण एवढी सबब हाताशीं असूनही सहावा अंक त्याला राजाच्या पश्चात्तापासाठीं खर्चावा लागला. अंगठी सांपडली आणि दुसऱ्याच क्षणीं राजाला शकुंतला भेटली, असें त्यानें केलें नाहीं. भवभूतीनें तर उत्तररामचरितांत राम आणि सीता ह्यांच्यामध्यें बारा वर्षें घातलीं. तेव्हां विषयाला हिणवून सुटतां येणार नाहीं. त्याची हाताळणी कशी होते हें पाहिलें पाहिजे.

समुद्रकांठच्या गांवाशीं ह्या विषयाची गांठ पडली तीही आजची नाहीं. जेन ऑस्टेनबाईंनीं 'पर्सुएशन' ही आपली शेवटची पुरी झालेली कादंबरी १८१५-१६ मध्यें लिहिली. १८१७ च्या जुलैमध्यें बाई वारल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुस्तक बाहेर पडलें. कथा अशी : अ‍ॅन एलियट ही एका बॅरोनेटची मुलगी. एकोणिसाव्या वर्षीं तिनें फ्रेडरिक वेंटवर्थ नांवाच्या आरमारांतील निर्धन तरुणास होकार दिला, आणि आईच्या जागीं असलेल्या लेडी रसेल ह्यांच्या सल्ल्यावरून तो परत घेतला. आठ वर्षांनीं वेंटवर्थ शत्रूचीं गलबतें पकडल्याच्या बक्षिसांवर श्रीमंत होऊन येतो. अ‍ॅन आतां सत्तावीस वर्षांची, कोमेजलेली, घरांत कोणाच्या खिजगणतींत नसलेली. ती ओळखूं येऊं नये इतकी बदलली, हा त्याचा अभिप्राय तिच्या कानांवर पडतो. नोव्हेंबरांत ही सगळी मंडळी डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील लाईम रीजिस ह्या गांवीं जाते. तेथल्या कॉब नांवाच्या जुन्या दगडी धक्क्याच्या पायऱ्यांवरून लुइझा मस्ग्रोव्ह ही हट्टी मुलगी उडी मारते आणि बेशुद्ध होऊन पडते. सर्वांचे हातपाय गळतात. काय करावें हें एकट्या अ‍ॅनला सुचतें. तेथून वेंटवर्थचें मन फिरूं लागतें. समेट मात्र पुष्कळ पुढें, बाथ शहरांत होतो.

ही कादंबरी पुढें ठेवून मी आजच्या अनुकरणांवर तीन आरोप करतों.

पहिला आरोप : ह्यांत कोणी चुकलेलेंच नसतें. नायक-नायिकांचा वियोग एखाद्या हरवलेल्या पत्रामुळें किंवा दाराआडून अर्धवट ऐकलेल्या बोलण्यामुळें झालेला असतो. गैरसमज फिटला कीं झालें. जेथें अपराधच नाहीं तेथें क्षमा तरी कशाची करावयाची? ऑस्टेनबाईंच्या कथेंत गैरसमज नाहीं. अ‍ॅननें समजून-उमजून नकार दिला होता. आणि वेंटवर्थ? तो शेवटीं कबूल करतो, कीं नकारानंतर दोनच वर्षांनीं, हातीं थोडा पैसा आणि जहाजाचें आधिपत्य आलें तेव्हां, तो तिला पत्र लिहूं शकला असता. अहंकारानें लिहूं दिलें नाहीं. म्हणजे आठांपैकीं सहा वर्षें त्याच्या स्वतःच्या हातून गेलीं. अ‍ॅनही खोट्या पश्चात्तापाचें नाटक करीत नाहीं. लेडी रसेल ह्यांचा सल्ला चुकीचा होता, पण त्या वेळीं तो मानण्यांत आपण चुकलों नाहीं, असें ती सरळ सांगते. दोघांनीं आपापला हिशेब असा मांडल्यावर मग जी क्षमा होते तिला वजन आहे.

दुसरा आरोप : विलंब हा येथें केवळ पानें भरण्याची युक्ति झाला आहे. ऑस्टेनबाईंना विलंबाची किंमत किती ठाऊक होती, ह्याचा पुरावा त्यांच्याच अक्षरांत आहे. १८१६ च्या जुलैमध्यें त्यांनीं कादंबरी संपविली होती. त्या शेवटांत एका अफवेची शहानिशा करण्याच्या निमित्तानें दोघें एका खोलीत येतात आणि सगळें उलगडतें. बाईंना तें रुचलें नाहीं. कांहीं आठवड्यांतच त्यांनीं तो भाग काढून नव्यानें लिहिला. रद्द केलेलीं पानें आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. नव्या शेवटांत अ‍ॅन कॅप्टन हार्व्हिल ह्यांच्याशीं बोलते. स्त्री अधिक काळ प्रेम करते कीं पुरुष, हा वाद आहे. जवळच टेबलाशीं लिहीत बसलेला वेंटवर्थ तें ऐकतो आणि तेथल्या तेथें तिला पत्र लिहितो. पहिल्या शेवटांत दुसरी संधि त्यांच्याकडे चालत आली होती. दुसऱ्यांत ती मिळविण्यासाठीं अ‍ॅनला आठ वर्षांचें मौन सोडून बोलावें लागतें, आणि वेंटवर्थला पुन्हां नकार येण्याचा धोका पत्करून लिहावें लागतें. आजच्या तीनशें पानांच्या चोरट्या कटाक्षांत असा धोका कोण पत्करतो?

तिसरा आरोप सर्वांत मोठा : गांवाचा पडदा केला आहे. समुद्र, दीपगृह, दुकानांतला दालचिनीचा वास आणि हंसतमुख शेजारी. लाईम असें नाहीं. ऑस्टेनबाईंनीं तें १८०३ आणि १८०४ सालीं स्वतः पाहिलें होतें. कादंबरींत तें हंगाम संपल्यानंतरचें, पाहुणे निघून गेलेलें गांव आहे. जखमेनें लंगडे झालेले हार्व्हिल तेथें राहतात, कारण तेथें थोडक्यांत भागतें. लहानशा घरांत ते सुतारकाम करतात आणि कांहीं काम उरलें नाहीं तर कोपऱ्यांत मासेमारीचें जाळें विणीत बसतात. त्याच सुमारास त्याच लाईममध्यें मेरी अ‍ॅनिंग ही एका गरीब सुताराची मुलगी कड्यांखालीं जीवाश्म खोदून विकीत होती. गांव म्हटला म्हणजे त्यांत पोटाचा उद्योग असतो, आणि उद्योग करतां करतां शेजाऱ्याच्या दाराकडे लागलेले डोळेही असतात.

हे डोळे आमच्या किनाऱ्यावर काय करूं शकत होते, ह्याचें एक उदाहरण देतों. ती कादंबरींतली प्रीतिकथा नव्हे, हें मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या संधीची किंमत तींत दिसते. दापोली तालुक्यांतील मुरुड हें समुद्रकांठचें गांव. तेथें वाढलेले धोंडो केशव कर्वे ह्यांची पहिली पत्नी १८९१ सालीं वारली. गोदूबाई जोशी ह्यांना लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, आठव्या वर्षीं वैधव्य आलें होतें. पुढें त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकल्या. ११ मार्च १८९३ रोजीं ह्या दोघांचा विवाह झाला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता. पण कायदा कलकत्त्यास झाला, आणि पंगत मुरुडला बसत होती. गांवानें सभा भरविली आणि बहिष्कार घातला. ज्या कर्व्यांनीं गांवाच्या हितासाठीं मुरुड फंडाची खटपट केली होती, त्यांनाच गांव परका झाला. पुरुष विधुर झाला तर त्याचें दुसरें लग्न हा नित्याचा व्यवहार होता. किंमत पडली ती वधू विधवा होती म्हणून. ज्या जातींत पाट लावण्याची चाल होती तेथेंही पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान सहसा नसे. त्याच कर्व्यांना १९५८ सालीं भारतरत्न मिळालें, आणि आज मुरुडच्या वाळूवर सुटीचे पाहुणे सूर्यास्त पाहतात.

ह्यावर कोणी म्हणेल, "प्राध्यापकमहाशय, दमलेल्या माणसाला घटकाभर विरंगुळा हवा असतो, तेथें हा पंतोजीपणा कशाला?" विरंगुळ्याशीं माझें भांडण नाहीं. 'पर्सुएशन' हाही मला गेलीं तीस वर्षें विरंगुळाच आहे. पण जो विरंगुळा खोटें सांगतो तो पुस्तक मिटल्यावर उलटतो. क्षमा सहज होते आणि गांव टाळ्या वाजवितें, असें शंभर वेळां वाचलेल्या स्त्रीला स्वतःच्या आयुष्यांत क्षमा जड गेली, गांवानें नाकें मुरडलीं, तर तिला वाटतें कीं उणें आपल्यांतच आहे. तिच्या मंदपणाला कोणी 'स्लो बर्न' म्हणत नाहीं. तिला लोक आढ्यताखोर म्हणतात.

म्हणून आमच्या लेखकांस माझें सांगणें एवढेंच आहे. हा विषय अवश्य घ्या. आमच्या किनाऱ्याइतका त्याला योग्य प्रदेश थोडाच असेल. पण इंग्रजी दुकानांतलें दीपगृह उचलून हर्णैला आणून ठेवूं नका. जून-जुलैंत मासेमारी बंद होते आणि होड्या वाळूवर ओढून ठेवतात, तेव्हां गांवांत रिकामा वेळ किती आणि त्या वेळांत बोलणीं कोणाकोणाचीं होतात, तें लिहा. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले म्हणजे घटस्फोटित मुलीच्या आईला कोणते प्रश्न येतात, तें लिहा. कोण चुकलें होतें, त्यानें तें कोणापुढें कबूल केलें, आणि त्यासाठीं त्याला काय सोसावें लागलें, तें लिहा. मग शेवट गोड केलात तरी आमची हरकत नाहीं. ऑस्टेनबाईंनींही तो गोडच केला आहे.

निघतांना मीं माझी जुनी 'पर्सुएशन' भाचीच्या टेबलावर ठेवून आलों. परवां तिचें पत्र आलें. ती लाईमपर्यंत पोंचली आहे, आणि "मामा, ही अ‍ॅन फारच सोसते, पण हिच्या गांवांत लोक बोलतात," असें तिनें लिहिलें आहे. त्या गृहस्थांना काय उत्तर दिलें, हें पत्रांत नव्हतें. मींही विचारलेलें नाहीं.